एकशे सेहेचाळीस इंच

अर्नी फ्रीसेनच्या गोठ्यात आता गाई नाहीत.
तीन स्नोमोबाइल उभ्या आहेत, ताडपत्र्या काढलेल्या,
आणि पेट्रोलच्या वासाखाली जुन्या गवताचा वास
अजून जागा धरून.
बाहेर उणे अठरा. मॅकब्राइडवरचे डोंगर
दुपारी तीनलाच निळे पडू लागलेत.

मी सॉमिलमध्ये फळ्यांची प्रत ठरवते.
बावीस वर्षं झाली. गाठ, चीर, बाक...
एका फळीला दोन सेकंद, त्याहून जास्त मिळत नाहीत.
इथे तास होत आला
आणि माझं काही ठरत नाही.

भाचा ब्रोडी, गुडघ्याला बाशिंग बांधून आलेला,
थेट काळ्या साडेआठशेवर जाऊन बसला.
"मावशी, हीच. पट्टा एकशे पासष्ट इंचांचा.
छातीभर भुसभुशीत बर्फातही तरंगते."
ती तरंगेल रे.
प्रश्न माझा आहे.

दुसरी लाल, बुटकी.
आखलेल्या वाटेवर सुरीसारखी वळते म्हणे;
वाट सोडली
की स्वतःची कबर स्वतः खणते.

तिसरीबद्दल कुणी काही बोललं नाही.
सहाशेचं इंजिन, बारा वर्षांची, पट्टा एकशे सेहेचाळीस,
काचेला तडा, सीटवर चिकटपट्टी.
सोबत एक वही: बेल्ट कधी बदलला, प्लग कधी,
कितव्या किलोमीटरला काय कुरकुरलं.
मध्येच एका ओळीत: "लोरेनची दाढ काढली. बाहेर नेली नाही."
ती ओळ मी दोनदा वाचली.

"तुम्ही कोणती घ्याल?" मी विचारलं.
अर्नी सूर्यफुलाच्या बिया सोलत होता, दातांनीच.
उत्तर दिलं नाही. काळी गोठ्यामागच्या बर्फात नेली,
मुद्दाम अडकवली, कुशीवर पाडली
आणि म्हणाला, "काढ."

मी खणलं, तुडवलं, पुढची स्की धरून ओढलं.
घाम आला, मग घामाची थंडी आली.
वीतभर हलली.
ब्रोडी धावला, तर अर्नीने हात आडवा धरला:
"दर वेळी असशील तू?"
ब्रोडीने बुटांकडे पाहिलं.

मग तिसरी. तशीच पाडलेली.
तिनेही काही लाड केले नाहीत.
अकरा मिनिटं, एक शिवी, डाव्या खांद्यात कळ,
पण निघाली.
अर्नीने टरफलं थुंकली. त्याच्या दृष्टीने
व्यवहार तिथेच झाला होता.

पैसे मोजले, त्यातले चारशे त्याने परत सरकवले.
"बीकन घे, काठी घे, फावडं घे.
फावडं प्लास्टिकचं नको. हिमकडा कोसळला
की तो बर्फ सिमेंटसारखा बसतो."
आणि ब्रोडीकडे वळून, "तूही घे.
तिचं फावडं तुझ्यासाठी असतं, तुझं तिच्यासाठी."
एवढं लांब वाक्य त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही.

का हवी आहे, हे मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं:
मिलच्या खिडकीतून एक कडा दिसतो.
तिथली झाडं बावीस वर्षं
फळ्या होऊन माझ्यासमोरून जातायत.
मी त्यांच्या गावाला कधी गेलेच नाही.

ट्रेलरवर चढवून दोर आवळले.
अंधार पडला होता, ब्रोडी गाडीत रुसून हीटर लावून बसलेला.
कोटाच्या खिशात मिलचा निळा खडू सापडला.
हातमोजा काढला
आणि सवयीने, दोन सेकंदांत,
तिच्या पोटाखाली खूण केली:

क्रमांक दोन.
गाठी आहेत. भार सोसेल.